भिंतीपलीकडचा श्वास

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालायचं काम आमच्या घरात माझं. गेल्या आठवड्यात एका सकाळी ओला सदरा बांबूवर चढवला आणि तसाच परत आत ओढून घेतला. वास आला. ओलसर लाकूड धुमसत ठेवावं आणि वरून कुणीतरी जुनं पोतं टाकावं, तसला. सिंगापुरातल्या बिशानच्या आमच्या इमारतीसमोर एक इमारत आहे, तिच्या मागे आणखी एक. मागची दिसेनाशी झाली की समजायचं, हेझ आला. समोरचीही पुसट झाली की खिडक्या लावून घ्यायच्या. मी खिडक्या लावल्या.

समुद्रापलीकडे कुठेतरी जंगलं जळतात, दलदलीची जमीन आतल्या आत धुमसत राहते, वारा फिरतो आणि तो धूर आमच्या घरात येऊन बसतो. दर वर्षी येतोच असं नाही. पण येतो तेव्हा पाहुण्यासारखा येत नाही, झडतीला आलेल्या माणसासारखा येतो. कपाटातल्या चादरींत शिरतो, उशीच्या अभ्र्यात शिरतो, घशात बोट घालून बघतो. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं, आणि बघितलं की तो सूर्य आहे याचीच खात्री वाटत नाही.

त्या दिवसांत सगळं शहर संशयी होतं. लिफ्टमध्ये कुणी खोकलं की बाकीचे आकडे बदलणाऱ्या पट्टीकडे बघत श्वास धरतात. जो तो मोबाइलवर हवेचा आकडा बघतो आणि त्यावरही विश्वास ठेवत नाही. शेजारचे मिस्टर टॅन दारात उभे राहून मला म्हणतात, "नंबर से ओके. माय नोज से नॉट ओके. यू ट्रस्ट हू?"

मी कुणावरच विश्वास ठेवत नाही, असं मी त्यांना २०१५ साली म्हणालो होतो. गंमत म्हणून म्हणालो होतो. ते खरं होतं.

त्या वर्षी माझी मुलगी केतकी सैन्यात होती. इथे मुलांना सैन्यात जावंच लागतं, मुलींना नाही. ती स्वतःहून गेली. आधी इथला लाल पासपोर्ट घेतला आणि मग केस कापून घरी आली. तिची आई, वृंदा, केसांवरून रडली. मी काही बोललो नाही. न बोलणं हा माझा स्वभाव आहे असं सगळे समजतात, मीही समजत आलो. मला ती तांजोंग पगारच्या एखाद्या काचेच्या इमारतीत हवी होती, गळ्यात कार्ड अडकवून, दुपारी मैत्रिणींबरोबर जेवायला खाली उतरणारी. तिथेच माझंही ऑफिस. जहाजावरची नोकरी सोडून मी किनाऱ्यावर आलो, तेव्हा मनात हेच चित्र होतं की कधीतरी दोघं एकाच गाडीने कामाला जाऊ. त्याऐवजी ती पहाटे बूट घासायची.

वर ती बायथलॉनच्या टीममध्ये निवडली गेली. पुण्याहून मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, बायथलॉन म्हणजे ते बर्फातलं ना? पायात स्की, पाठीला बंदूक? अहो, सिंगापुरात बर्फ कुठून आणतात?"

"आइस कचांगमधून," मी म्हटलं. आइस कचांग म्हणजे इथला बर्फाचा गोळा, वर लाल-हिरवं सरबत आणि खाली राजमा, हे त्याला समजावण्यातच फोन संपला. इथल्या बायथलॉनला बर्फ लागत नाही. समुद्रात पोहायचं आणि बाहेर येऊन त्याच ओल्या अंगाने पळायचं. बंदूक तिच्याकडे होती, पण ती नोकरीपुरती.

हेझच्या आधी एकदा मी तिचा सराव बघायला गेलो होतो. पूर्वेकडचा किनारा, पलीकडे पुलाउ उबीन बेटाची हिरवी रेघ, मधून लहान प्रवासी बमबोटी भटभटत जात होत्या. दूर नांगर टाकून उभी असलेली जहाजं मला एकेक कळत होती: हे तेलाचं, हे भरलेलं, ते रिकामं, त्याच्या चिमणीतून निघणारा धूर जरा जास्तच काळा. पाण्यात केशरी टोप्यांचा एक घोळका वर-खाली होत होता. त्यातली माझी मुलगी कोणती, ते मात्र कळेना.

"लेफ्टला बघा, अंकल. जी एकाच बाजूला तोंड वळवून श्वास घेते ना, ती केट." शेजारी गुडघ्याला पट्टी बांधलेली एक मुलगी उभी होती. हुई मिन. केतकीच्या, म्हणजे त्यांच्या केटच्या, टीममधली, कॅम्पमध्ये तिच्या शेजारच्या पलंगावर झोपणारी. केतकीच्या बोलण्यात ती इतकी असायची की आमच्या घरी तिचा आवडता चहासुद्धा ठाऊक होता. दुसऱ्या बाजूला हातात स्टॉपवॉच घेतलेले त्यांचे प्रमुख. त्यांना सगळे एन्सिक म्हणायचे. मलयमध्ये एन्सिक म्हणजे साहेब, आणि सैन्यात वॉरंट ऑफिसरच्या हुद्द्याच्या माणसाला हीच हाक. भरघोस मिशा, आवाज पाण्यावरून जाईल असा. "सर, माझा नंबर ठेवा," ते मला म्हणाले. "काहीही वाटलं तर फोन करा. आईबाप पण टीममध्येच." मी नंबर घेतला. हुई मिन तिथेच होती.

केतकी पाण्यातून बाहेर आली, वाळू उडवत आमच्यासमोरून पळत गेली. माझ्याकडे बघून हसली नाही. तिने मला पाहिलंच नसावं. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मला ते आवडलं नाही. आज सांगतो, मला तिचा हेवा वाटला.

*

मी आयुष्य इंजिनरूममध्ये काढलं. तिथे यंत्राचा पहिला डॉक्टर कान असतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काय बिघडतंय ते आधी आवाजात येतं. यंत्राला विचारायची सोय नसते. ऐकायचं आणि वर कळवायचं. जहाजावर माणसांच्या बाबतीतही आम्ही तेच करत असू. एखादा खलाशी आजारी वाटला तर त्याला विचारण्यात अर्थ नसतो, कारण तो 'ठीक आहे, साब' असंच म्हणणार. घरी पाठवतील म्हणून सगळेच लपवतात. तेव्हा त्याच्याशी बोलत बसायचं नाही, सरळ कॅप्टनला सांगायचं. ही शिस्त आहे आणि तिने माणसं वाचतात. घरात मात्र ती चालत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मीही शिकलो नाही.

टीम आठवडाभर कॅम्पमध्येच असायची. शुक्रवारी संध्याकाळी केतकी बुक-आउट करून, म्हणजे सुटीची नोंद करून, घरी यायची, जड पिशवी दारात टाकायची आणि "आई, भात" एवढंच म्हणायची. तिची खोली आमच्या खोलीला लागून, मधली भिंत पातळ. हेझचे दिवस सुरू झाल्यानंतरच्या एका शनिवारी पहाटे मला जाग आली. इंजिनरूमच्या माणसाला आवाज बदलला की जाग येते. भिंतीपलीकडून बारीक शीळ येत होती. श्वास आत घेताना नाही, सोडताना. मी उठून भिंतीला कान लावला. पन्नाशीचा माणूस, बनियनवर, मुलीच्या खोलीच्या भिंतीला कान लावून उभा. शीळ येत होती, थांबत होती, येत होती.

तो आवाज मला ओळखीचा होता.

पुण्यात असताना, केतकी अगदी लहान होती तेव्हा, थंडीत तिची छाती अशीच वाजायची. आम्ही तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे न्यायचो, तिथे ते नाकातोंडावर मास्क लावून औषधाची वाफ द्यायचे. आमच्या घरात त्याला 'वाफ घ्यायला जाणं' म्हणत. बाळदमा, डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की जाईल. आणि खरंच गेला. आम्ही इथे आलो तोवर विसरल्यातही जमा झाला होता. वृंदाचं तेव्हापासून ठरलेलं, हा शब्द घरात काढायचा नाही. "मुलीची जात आहे. उद्या स्थळं बघताना कुणी म्हणायला नको, हिला दमा होता म्हणून." केतकीलाही सांगायचं नाही, कारण मुलं कुठेही काहीही बोलतात. तिला सर्दीची वाफ एवढंच ठाऊक. सैन्यात भरती होताना तिथल्या डॉक्टरांनी लहानपणी दमा होता का असं विचारलं, तेव्हा ती नाही म्हणाली. खरं बोलली. तिला माहीत असलेलं खरं.

त्या शनिवारी नाश्त्याला मी विचारलं, "बरं आहे ना?"

"हो. का?"

"खोकला वगैरे?"

"सगळ्यांनाच आहे, बाबा. हेझ आहे, लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची इथली ढब तिच्यात मुरली होती. तिने पोह्यांवर लिंबू पिळलं आणि मोबाइल उघडला.

साधं उत्तर होतं. पण मी ते 'ठीक आहे, साब' असं ऐकलं. ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिची पिशवी उघडली. ओला पोहण्याचा पोशाख, गॉगल, घशाच्या गोळ्या, पायाला लावायची पावडर. पंप नाही, औषध नाही. शोधणाऱ्याला काही सापडलं नाही तर त्याने शांत व्हायला हवं. मी उलट मनात म्हटलं, बघ, किती नीट लपवलंय.

संशयाचं हे मला तेव्हा कळलं नाही. त्याला पुरावा सापडला तर तो वाढतो आणि नाही सापडला तर जास्त वाढतो. मी तिच्या चपलांच्या आवाजावरून ती दमली आहे का ते ठरवू लागलो. फोनवर ती वाक्य मध्येच तोडायची, तर मला वाटायचं, दम लागला. ती तेवढ्यापुरता घास गिळत असायची.

त्यातच गणपती आले. बंद खिडक्यांत आरती. कापूर लावावा की नाही यावर वृंदाचं आणि माझं बोलणं झालं, शेवटी चिमूटभर लावला. त्या चिमूटभर कापराने केतकी आरती अर्धी टाकून स्वयंपाकघरात गेली आणि खोकत राहिली. वृंदाने माझ्याकडे पाहिलं, मी टाळ वाजवत राहिलो. दर्शनाला आलेल्या एका गृहस्थांनी प्रसाद घेताना विचारलं, "मुलगी काय करते हल्ली?"

"सरकारी नोकरी," मी म्हटलं. मी कायम हेच सांगत असे.

केतकी पाण्याचा ग्लास घेऊन दारात आली होती. "काका, मी सोल्जर आहे," ती म्हणाली. "सरकारी नोकरी तर पोस्टातले अंकलही करतात." सगळे हसले. मीही हसलो. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

परदेशातल्या एका स्पर्धेसाठी टीमची अंतिम निवड व्हायची होती. हेझमुळे ती पुढे ढकलली जात होती. ती निवड झाली की केतकीचा करार वाढणार, मग आणखी वर्षं, मग कदाचित सगळं आयुष्यच. निवडीच्या आधीच्या आठवड्यात मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून एन्सिकना फोन केला. जिन्याच्या खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसायच्या, त्या दिवशी फक्त त्यांचे लाल दिवे दिसत होते.

मी म्हटलं, माझ्या मुलीची छाती रात्री वाजते. लहानपणीही वाजायची. ती लपवते आहे. समुद्रात तिला काही झालं तर? आणि कृपा करून माझं नाव कुठे येऊ देऊ नका.

एन्सिकनी सगळं ऐकून घेतलं. मग एक प्रश्न विचारला. मी त्याचं उत्तर दिलं. ते काय होतं ते पुढे सांगतो. आत्ता हात धजत नाही.

*

पुढचं मला केतकीच्या तोंडून कळलं. तिला तपासणीला पाठवलं. नळीत फुंकायला लावलं, धाववलं, परत फुंकायला लावलं. दमा निघाला, सौम्य. औषधाने आटोक्यात राहील असा. लहानपणापासून आहे का, असं एन्सिकसमोर विचारलं गेलं आणि ती नाही म्हणाली. ती घरी आली, आईला विचारलं, वृंदाने रडत सगळं सांगितलं. केतकी दुसऱ्याच दिवशी परत जाऊन एन्सिकना म्हणाली, मला माहीत नव्हतं, आत्ता कळलं.

"मग?" वृंदाने विचारलं.

"मग काय. मी आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले. तूच सांग कसं दिसतं ते." ती बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "एन्सिक म्हणाले, केट, तुझा दमा हा प्रॉब्लेम नाही. पाण्यात असताना तू हात वर करून 'मी ठीक आहे' म्हणशील. तेव्हा मी ते मानायचं की बोट पाठवायची? मला कळत नाही, म्हणाले. आई, ते माझ्याकडे असे बघत होते जसं काही त्यांना आधीच सगळं ठाऊक आहे. मी खोटं बोलले नव्हते, ग."

मी टीव्हीचा आवाज कमी केला. वाढवला. मी तेव्हा एन्सिकना एक फोन करायला हवा होता. त्याला फार वेळ लागला नसता.

तिला टीममधून काढलं आणि गोदामात बसवलं, बूट आणि पाण्याच्या बाटल्या देण्याच्या कामावर. करार संपला तशी ती बाहेर पडली. ज्या मुलांना तिने समुद्रात मागे टाकलं होतं, त्यांना शेवटचे काही महिने ती बुटाचं माप विचारत होती.

एन्सिकना कुणी सांगितलं, हा प्रश्न घरात बराच काळ फिरत राहिला. रात्री तिची छाती वाजते हे शेजारच्या पलंगावरच्या माणसालाच कळणार. हुई मिन राखीव खेळाडूंत होती, केतकी गेल्यावर तिची जागा हुई मिनला मिळाली. केतकीने दोन आणि दोन जोडले. मी पाहत राहिलो. माझ्यावर तिचा संशय आला नाही. मी दिवसरात्र तिच्यावर संशय घेतला आणि तिला माझ्यावर एकदाही घ्यावासा वाटला नाही.

हुई मिन एकदा घरी आली होती. धूर अजून होता. तोंडावर मास्क, हातात संत्र्यांची पिशवी. केतकी आतून म्हणाली, "सांग, झोपलेय." मी दारापाशी जाऊन जाळीच्या आतूनच सांगितलं, झोपली आहे. हुई मिन माझ्याकडे बघत राहिली. मास्कच्या वर फक्त डोळे. मला वाटलं, हिला काहीतरी माहीत आहे. मग वाटलं, कसं असेल. "ओके, अंकल," ती म्हणाली. संत्री दाराच्या कडीला अडकवून गेली. ती आम्ही खाल्ली नाहीत. वृंदाने शेजारी देऊन टाकली.

वृंदाने मला एकदाच विचारलं, "अहो, तुम्ही कुणाला काही बोललात का?"

"मी कशाला बोलू?"

तिने परत कधी विचारलं नाही. पण त्यानंतर माझा फोन वाजला की ती हातातलं काम थांबवून कोण आहे ते ऐकायची. अजून ऐकते.

*

केतकी आता लहान मुलांना पोहायला शिकवते. जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बाटलीशेजारी तिचा निळा पंप उघडा पडलेला असतो. गेल्या आठवड्यात हेझ परत आला आणि तिचे वर्ग बंद झाले. सकाळी ती चहा घेऊन बंद खिडकीपाशी उभी होती. समोरची इमारत पुसट झाली होती. ती सहज, कुणाला उद्देशून नाही अशी म्हणाली, "याच हवेत हुई मिनने मला विकलं."

मी म्हटलं, "तिने नाही. मी."

हे मी ठरवलेलं नव्हतं. चार वर्षं ठरवून जमलं नव्हतं. आत वृंदाने गॅस बंद केला.

केतकीने कप ठेवला. ती ओरडेल असं मला वाटलं. ती इतकंच म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. भिंत, शीळ, पिशवी, जिना. वृंदा दारात येऊन म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि खुर्चीत बसली. केतकीने माझ्याकडे बघितलं नाही. "हुई मिनचं लग्न झालं गेल्या वर्षी," ती म्हणाली. "मला बोलावलं होतं. मी उत्तरही दिलं नाही." मग म्हणाली, "तिला हे तू सांगायचंस. मी नाही."

रविवारी मी, केतकी आणि बोलावलेली हुई मिन असे तिघं इथल्याच हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या दुकानांच्या छपराखाली, बसलो. अर्धी टेबलं रिकामी होती. हुई मिन सैन्यातच आहे, आता सार्जंट. खांदे रुंद झालेत. आल्या आल्या मला म्हणाली, "अंकल, जेवलात?" केतकीकडे बघून मान हलवली, एवढंच. मी इंग्रजीत जमेल तसं सांगितलं.

"आय नो," हुई मिन म्हणाली.

"व्हॉट यू नो?" केतकी.

"रात्री तुझा श्वास ऐकू येईल एवढ्या जवळ झोपणारे किती? कॅम्पमध्ये मी. घरी हे. मी सांगितलं नव्हतं. आणि यांनी एन्सिकचा नंबर घेतला तेव्हा मी तिथेच उभी होते."

"मग बोलली का नाहीस? चार वर्षं मी तुला काय काय समजत होते!"

"मी आले होते ना घरी. तू झोपली होतीस," हुई मिन म्हणाली. 'झोपली होतीस' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि सांगून काय, केट? फ्रेंड दुसरी मिळते. बाप कुठून आणणार?" मग माझ्यासमोरचा चहा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "अंकल घाबरले होते, लाह. माझा पप्पा पण असाच. घाबरला की मूर्खपणा करतो."

केतकीचा चेहरा सैल झाला. मला दिसलं. ती ते मान्य करायला निघाली होती: बाबा घाबरला होता. त्या वाक्याखाली मी उरलेलं आयुष्य बसू शकलो असतो. जागा चांगली होती, सावलीची. चार वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आलो होतो.

मी म्हटलं, "एक राहिलंय. एन्सिकनी मला विचारलं होतं, लहानपणच्या दम्याचं केतकीला ठाऊक आहे का."

"मग?"

"मी म्हटलं, ऑफ कोर्स, शी नोज."

कोपऱ्यातल्या दुकानात कुणीतरी कढईवर उलथनं आपटत होतं. केतकी म्हणाली, "पण तुला माहीत होतं, मला माहीत नाही ते."

"हो."

"मग का?"

"नाही म्हटलं असतं तर लपवणारे आम्ही ठरलो असतो. का लपवलं ते सांगावं लागलं असतं. लग्न, स्थळं, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होतो." एवढं बोलून थांबता आलं असतं. "आणि तू घरी परत यावीस, एवढंच मला हवं होतं. कशी येशील याची मला पर्वा नव्हती. भीती होती, पण ती नंतर. आधी हे होतं."

हुई मिन पुटपुटली, "अय्यो, अंकल."

केतकी टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने लांबवत होती. मग म्हणाली, "नंबर आहे अजून?"

"आहे."

"लाव. माझं टीममधलं गेलं ते गेलं. पण मी खोटं बोलले नव्हते, हे त्यांना कळू दे. तुझ्या तोंडून."

मी फोन लावला. एन्सिक निवृत्त झाले आहेत, मागे नातवंडांचा गोंधळ ऐकू येत होता. मी नाव सांगितलं. कुणाचा बाप ते सांगितलं. म्हटलं, तेव्हा मी तुम्हाला खोटं सांगितलं. तिला माहीत नव्हतं. आम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं. पलीकडे त्यांनी नातवंडांना गप्प केलं. मग ते म्हणाले, "ती आहे तिथे? तिच्याकडे द्या."

केतकी फोन घेऊन उभी राहिली. पाठ आपोआप सरळ झाली. "येस, एन्सिक," म्हणत ती खांबांच्या पलीकडे, जिथे छप्पर संपतं आणि धूर सुरू होतो, तिथपर्यंत गेली. बराच वेळ तिची पाठच दिसत होती. एकदा तिने मनगटाने डोळे पुसले. धुरानेही तसं होतं, सगळ्यांचंच होत होतं, त्यामुळे मला काही ठरवता आलं नाही. हुई मिनने तिच्यासाठी एक चहा मागवला, कमी साखरेचा.

केतकी परत आली. फोन माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या शेजारी न बसता हुई मिनच्या बाजूला बसली.

"सॉरी म्हणाले," ती म्हणाली. "त्यांची चूक नव्हती, तरी म्हणाले. तू मघापासून इतकं बोलतोयस, बाबा. तेवढं नाही म्हणालास."

खरंच नव्हतो म्हणालो. घरीही नाही, इथेही नाही. सगळं सांगितलं म्हणजे तेही त्यात आलं, असं मी धरून चाललो होतो. आमच्या घरात मोठ्यांनी धाकट्यांना ते म्हणायची रीत नव्हती, आणि जहाजावर खालच्या माणसाला तर कुणी म्हणतच नाही. माझ्या तोंडाला तो शब्द बसवायला वेळ लागला. हुई मिन उठली आणि सरबताच्या दुकानापुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांग नव्हतीच.

मग मी म्हटलं, मराठीत, "माझं चुकलं, केतकी. मला माफ कर."

तिने माफ केलं असं ती म्हणाली नाही. "ऐकलं," म्हणाली, आणि चहा प्यायली.